बाहेरचा डबा बोळात बसला त्याची हकीकत

मु. पो. आपलंच गाव,
ता. वसमत, जि. हिंगोली.
२९ एप्रिल

तीर्थस्वरूप हरिचंददादा यांच्या पायी, भिंतीच्या अलीकडून विश्वंभरचा नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असावी. खरं तर विचारायची गरज नाही, कारण सकाळी आपण चूळ भरता ती आमच्या मोरीत ऐकू येते, आणि परवापासून खोकलाही उतरलेला वाटतो. पण पत्रात आधी प्रकृती विचारायची असते, हे मी बत्तीस वर्षं पोरांना छडी दाखवून शिकवलं, तेव्हा स्वतः कसं चुकवू? मिनावहिनींचे गुडघे कसे आहेत? काबरीचं दूध वाढलं का? (शेळीची चौकशी वहिनींच्या शेजारी आली याचा राग मानू नये. काबरीचा या पत्राशी फार जवळचा संबंध आहे.) आमच्याकडे सर्व कुशल. आमची सौ. शिवकन्या नेहमीप्रमाणे माझ्यावर नाराज आहे, म्हणजे तिचीही तब्येत चांगली आहे.

आता आपण म्हणाल, हा भिंतीपलीकडेच राहतो आणि पत्र काय लिहितो! तर दादा, आपल्या दोन घरांत साडेचार फुटांचा बोळ आहे आणि सात वर्षांचा अबोला आहे. बोळ कुणाचा यावरून आपण भांडलो, तलाठ्यानं तो दोघांचा आहे असं सांगितलं, आणि दोघांचा आहे म्हटल्यावर दोघांनीही त्यात पाऊल टाकलं नाही. तिथं एरंड माजला. बोळाच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा नळ आहे म्हणून निदान बायका तरी एकमेकींचं तोंड बघतात. तेव्हा तोंडी सांगायची सोय नाही म्हणून हे लेखी. पोस्टात टाकलं असतं तर ते वसमतला जाऊन दमून परत आलं असतं, म्हणून हातानं पाठवतो आहे. कुणाच्या हातानं, ते शेवटी.

पत्र लिहिण्याचं कारण काकू. गेल्या मे महिन्यात आपल्या मातोश्रींना, म्हणजे आमच्या जिवनबाई काकूला, ऊन लागलं आणि तिला तीन दिवस सलाईन लावावं लागलं. माझी आई गेल्यावर ज्या बाईनं मला स्वतःच्या ताटात जेवू घातलं, तिला बघायला मी दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो आणि दोनदा परत फिरलो, कारण बाहेरच्या बाकड्यावर आपण बसला होतात. त्याची लाज मला वर्षभर पुरली. तेव्हाच मनाशी ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याआधी घरातली एक खोली थंडगार करायची आणि काकूला दुपारची तिथं निजवायची. आपल्या घरचं माणूस आमचा उंबरा ओलांडणार नाही असं आपण चारचौघांत म्हणाला होतात, ते माझ्या लक्षात होतं. पण आधी खोली, मग उंबरा, असा मी विचार केला.

त्याप्रमाणे वसमतहून मशीन आणली. नुसता एसी नव्हे बरं का. उन्हाळ्यात गार करते आणि पौषात गरमही करते. दुकानदार तिला हीट पंप म्हणाला आणि माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. तत्त्व सोपं आहे. विहिरीवरची मोटार पाणी उपसते तशी ही ऊब उपसते. उन्हाळ्यात खोलीतली बाहेर टाकते, हिवाळ्यात बाहेरची आत आणते. तिचे डबे दोन. एक सडपातळ, तो खोलीत भिंतीवर. दुसरा जाडजूड, पंख्याचा, मणभर वजनाचा, तो घराबाहेर. सगळं महाभारत या दुसऱ्या डब्यानं घडवलं.

मशीन बसवायला आला भावसिंग, तांड्यावरचा. कमरेला पट्टा, डोक्याला टोपी, आणि बोलणं मोजकं. त्यानं बाहेरच्या डब्याची जागा विचारली. मी त्याला हळदीच्या खोलीत नेलं. दादा, आपल्या शिवारातून गेल्या साली विहिरींवरच्या तीन मोटारी चोरीला गेल्या, हे आपल्याला माहीत आहे. लोक आता मोटारी खाटेखाली ठेवतात. मग एवढा नवाकोरा डबा मी बाहेर भिंतीवर टांगून चोराला आवतण देऊ? मी मुंजाजी गवंड्याकडून हळदीच्या पोत्यांच्या मधोमध छान ओटा बांधून घेतला होता आणि दाराला पितळी कुलूप आणलं होतं.

भावसिंगनं ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, बाहेरचा डबा बाहेरच राह्यते. ह्यो गरमी फेकते. हितं कोंडला तर फेकील कुठं?" मी त्याला उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण समजावून सांगितलं. (फळा नव्हता, भिंतीवर कोळशानं आकृती काढली.) त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, खिशातली वही काढली आणि 'माझ्या जबाबदारीवर' असं लिहून सही करायला लावली. मी वळणदार अक्षरात लिहून दिलं.

मशीन सुरू झाली. पहिली वीस मिनिटं स्वर्ग! पलीकडे हळदीच्या खोलीत शिवकन्येनं ओल्या कुरडया ठेवल्या होत्या, त्या आता कडकडीत वाळतील म्हणून तीही खूष. एकविसाव्या मिनिटाला मशीन बंद पडली. हळदीच्या खोलीचं कुलूप काढलं तर आतून भट्टीचा झोत आला. पोत्याला हात लावला, आणि एकदा शिजवून वाळवलेली हळद पुन्हा शिजते की काय अशी धास्ती पडली. शिवकन्या माझ्या पाठीमागून म्हणाली, "एका खोलीतला उन्हाळा उचलून दुसऱ्या खोलीत नेला आन् वरून कुलूप लावलं व्हय?" भावसिंग हसला नाही. त्यानं फक्त वही काढून दाखवली.

मग आम्ही जागा शोधायला निघालो. गच्चीवर दिवसभर ऊन, शिवाय तिथं हळद वाळत घातलेली, तिची धूळ डब्याच्या जाळीत जाणार. पश्चिमेच्या भिंतीला सरपणासाठी पऱ्हाट्यांची गंजी रचलेली, तिथं विजेचं काम म्हणजे आगीला बोलावणं. पूर्वेला दार, येणाऱ्याच्या तोंडावर गरम झोत. दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन. राहिली उत्तरेची, बोळाकडची भिंत. भावसिंगनं बोळात डोकं घातलं आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. दिवसभर सावली, दोन्ही टोकं मोकळी, समोर आपल्या बाजूला खिडकी नाही, आणि डबा माणसाच्या डोक्याच्या वर बसवला तर नळावर येणाऱ्याला झोतही लागणार नाही. मी म्हणालो, इथं जमणार नाही. "काहून? भूत हाय का हितं?" त्यानं विचारलं. भूत असतं तर सोपं होतं, भाऊ आहे, असं मी सांगितलं.

पण काकूचा मे महिना जवळ येत होता. शेवटी मी असा बेत केला की दुपारी एक ते चार आपण झोपता, तेवढ्यात काम उरकायचं. (ड्रिल मशीनचा आवाज होतो ही गोष्ट बेतात धरलेली नव्हती.) पहिलं भोक पडतंय तोच आपण डोक्याला टॉवेल गुंडाळून, काबरीची दोरी धरून बोळाच्या तोंडाशी हजर! मी आता मोठं भांडण होणार म्हणून मनात मुद्दे जमवू लागलो. आणि आपण माझ्याकडे न बघता शेळीला म्हणालात, "काबरे, शिडीचा पाय नळाच्या चिखलात हाय म्हणावं. माणूस पडला तर आपल्या दारात पडतंय." भावसिंगनं एकदा शेळीकडे बघितलं आणि शिडी सरकवली.

पुढचे दोन तास, दादा, माझ्या आयुष्यातले सर्वांत विजयी तास होते. मी खुर्चीवर बसून एकट्यानं सगळी देखरेख केली. शिडी आपण धरली होती हे खरं, पण शिडी काय, कुणीही धरतं. मी खुंट्या ठोकायला लाकडाचे गुट्टे आणून ठेवले होते. काबरीला सांगण्यात आलं की गुट्टे आणि गिलावा यांच्यावर फोटो टांगतात, मणभर लोखंड टांगत नाहीत, बोल्ट सिमेंटच्या कॉलममध्येच गेला पाहिजे. मग मी लगेच तसा निर्णय घेतला. डबा वर ओढायला मी कासरा बांधला. काबरीला असंही कळलं की ह्या गाठीनं वासरू बांधावं. मग आपण घरून मोटेचा जाड नाडा आणला आणि साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर असताना मारत होता ती गाठ मारली. डबा ठेवायच्या लोखंडी ब्रॅकेटवर रबराच्या चकत्या घालायच्या राहिल्या होत्या, म्हणजे मशीनची थरथर भिंतीत उतरून रात्रंदिवस दोन्ही घरं गुणगुणली असती. तेही काबरीच्याच लक्षात आलं. हुशार जनावर आहे.

यानंतर जे झालं ते मी लपवणार नाही. डब्याची अर्थिंगची तार मी स्वतः, भावसिंगचं लक्ष नसताना, बोळातल्या नळाच्या पाइपला बांधली. पाइप लोखंडी, पाइप जमिनीत जातो, म्हणजे वीज जमिनीत जाणार, हे शास्त्र. ते आपण पाहिलं आणि काबरीवर असे ओरडलात की बिचारी दोरी तोडून थेट मारुतीच्या पारापर्यंत पळाली. "काबरे! त्या नळावर माय पाणी भरती! पाइप फूटभरच लोखंडी हाय, खाली समदं प्लास्टिक. करंट जाईल कुठं? तिच्या हातात!"

मेन स्विच तेव्हा बंद होता. पण उद्या चालू होणारच होता. मी खाली बसलो, दादा. जिला उन्हातून वाचवायला निघालो, तिच्याच घागरीला मी वीज बांधून ठेवली होती. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि माझ्याच दारातला पाइप कुठून प्लास्टिकचा होतो ते मला माहीत नव्हतं.

भावसिंगनं ती तार कापून फेकली आणि अर्थिंगचा वेगळा, खोल खड्डा लागेल म्हणाला. आत पत्रा, कोळसा आणि मीठ. खड्डा कुठं? माझ्या बाजूनं सांडपाण्याचा पाइप जातो. तिथं जागाच नव्हती. ज्या मातीच्या हातभर तुकड्यावरून आपण सात वर्षं घालवली, त्यात कुदळ मारायची परवानगी मी कोणत्या तोंडानं मागणार? तेव्हा आपण टाचेनं जमिनीवर एक गोल काढला. आपल्या बाजूला. बोलायला काबरीही नव्हती, म्हणून एक शब्द न बोलता. मग घरात जाऊन मिठाचा डबा घेऊन आलात आणि खड्ड्यात ओतलात. (आपल्या घरचं मीठ लहानपणी मी खूप खाल्लं आहे. आता त्या बोळानंही खाल्लं.)

असा डबा बसला. शिवकन्येनं त्याला हळदकुंकू लावलं. नारळ ती डब्यावरच फोडणार होती, भावसिंगनं तिला पायरीचा दगड दाखवला. बटण दाबलं, बाहेर पंखा फिरला, आणि आत अर्ध्या तासात सव्वीस डिग्री! आज आठवा दिवस. डबा हलत नाही, कुठं झटका नाही, वायर तापत नाही. संपूर्ण पंचक्रोशीत इतक्या शास्त्रशुद्ध रीतीनं, इतक्या सुरक्षित जागी बसवलेली मशीन नसेल, आणि ती मी बसवून घेतली याचा मला सार्थ अभिमान आहे.

तेव्हा विनंती एवढीच. ही मशीन काकूसाठी आहे. मे संपेपर्यंत तिला रोज दुपारी आमच्याकडे पाठवावं. आपण बोलू नका, मीही आग्रह करणार नाही. फक्त तिला अडवू नका.

वहिनींना नमस्कार. काबरीला हिरवा चारा.

आपला धाकटा भाऊ,
विश्वंभर
(निवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. पत्र आणून देणाऱ्या बाईंकडे नीट बघा. त्या आपल्याच मातोश्री आहेत. काकू सोमवारपासून रोज आमच्याकडे येते आहे, आपला डोळा लागला की बोळातून. पहिल्या दिवशी मिनावहिनींनी आणून सोडली, दुसऱ्या दिवसापासून त्याही थांबतात. त्यांना रागावू नये. काकूनं आल्या आल्या गोधडी मागितली, आणि मशीन पौषात गरम करते असं कळल्यावर म्हणाली, "मंग म्या पौषातबी येते." तेव्हा वर 'मे संपेपर्यंत' लिहिलं आहे ते खोडलं असं समजावं.

ता. ता. क. हे पत्र मी काकूला आणि दोन्ही बायकांना वाचून दाखवलं. 'देखरेख केली' या शब्दावर तिघी इतक्या हसल्या की काकूला ठसका लागला. म्हणून दुरुस्ती करतो. जिथं जिथं 'मी' लिहिलं आहे, तिथं 'काबरीनं' असं वाचावं.

ता. ता. ता. क. खरं काम पुढं आहे. डब्याच्या वरच्या झाकणाचा एक स्क्रू कालपासून खडखडतो. धोका काही नाही, पण काकूची झोप मोडते. भावसिंग आठ दिवस सेनगावकडे कामावर आहे आणि माझ्या घरात खडू सोडून दुसरं हत्यार नाही. तेव्हा उद्या चार वाजता आपण स्क्रूड्रायव्हर घेऊन यावं. मेन मी स्वतः बंद करून ठेवीन. स्क्रू बोळात आहे, पण चहा आत आहे, म्हणून समोरच्या दारानं यावं. बोलायला जड वाटत असेल तर काबरीला बरोबर आणा. मीही तिच्याशीच बोलेन.