दारामागची ट्यूब

माय, परवा नवऱ्याने मला मारलं. तू असतीस आणि मी भुसावळात असते, तर तडक तुझ्या अंगणात येऊन बसले असते. इथे जर्मनीत शेजारीण हळू आवाजात विचारपूस करते आणि दार लावून घेते. म्हणून तुला लिहिते, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

इथे घरातली गेलेली ट्यूब कचऱ्यात टाकत नाहीत. दुकानात तिच्यासाठी उंच खोकं असतं, त्यात ती आख्खी, अलगद ठेवायची. फुटली तर आतला पारा हवेत जातो म्हणे. ते ऐकून मला तिथेच हसू फुटलं. तू रेल्वे क्वार्टरांतून हिंडून मूठ मूठ फुटाण्यांच्या बदल्यात गेलेले बल्ब नि ट्यूबा जमवायचीस, अंगणात गोणपाटाखाली घालून विटेने ठेचायचीस. टोकांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या भंगारवाल्याला, काच वेगळी. "दम धरा रे," म्हणायचीस, आणि आम्ही पोरं गाल फुगवून उभी. पांढरा धुरळा तुझ्या भुवयांवर बसायचा. पुढे पुढे तुझे हात कापायला लागले, चहा बशीत कमी नि लुगड्यावर जास्त.

बाप दारू पीत नव्हता. शुद्धीत मारायचा, जेवून हात धुऊन मारायचा. त्या दुपारी त्याने तुझी वेणी मनगटाला गुंडाळून तुला अंगणात ओढलं नि पोटात लाथ घातली. मी भिंतीला चिकटलेय. तुझा हात ढिगाकडे जातो, ट्यूब दगडावर आपटतेस, बार होतो, आणि ते तुटकं टोक त्याच्या गळ्यात रुतलेलं. रक्त सदऱ्यात उतरतंय. "आते मार," तू म्हणतेस, "हात लावशी ते बठ्ठी गळामा घालसू!" आता हात लावलास तर आख्खी गळ्यात घालीन, हे ऐकून त्याने वेणी सोडली. जगला तोवर पुन्हा तुझ्या अंगावर हात टाकला नाही. मला मात्र तू त्याच संध्याकाळी चुलीच्या लाकडाने झोडपलंस, रडले म्हणून. त्याचा राग मला अजून आहे, माय.

काल आमच्या स्वयंपाकघरातली गेलेली ट्यूब घेऊन मी त्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने हातमोजे घातलेले हात पुढे केले. मी नकारार्थी मान हलवली आणि ती परत घरी आणली. आता दारामागे उभी आहे. नवऱ्याने विचारलं, ही इथे कशाला? म्हटलं, शनिवारी देऊन येते. हे पत्र मी फाडणार आहे, त्याला मराठी वाचता येतं. तुला एकटीला सांगते, शनिवारच्या आत त्याने एकदा हात उचलावा असं मला वाटतंय.