शिवंची माती

बजरंगदादा,

माळावरच्या झऱ्यापायी तू आश्रुबाकाकांवर काठी उगारलीस, आन मेंढरं घेऊन घाटनांदूरकडं निघून गेलास. भांडण निस्तरायला मागं मीच उरले. झरा आपल्या घराचा का काकांच्या, ह्याला कागद कुठंच न्हाई. मग पंचांनी आपली धनगरांची जुनी रीत काढली. शिवंची माती डोक्यावर घेऊन एकानं चालायचं, तो चालंल ती शीव. खोटं चाललं तर त्याची मेंढरं मरत्यात.

"बाई कशी चालंल?" पंच म्हणाले.

"पाण्याचा हंडा चालतोय ना बाईच्या डोक्यावर?" मी म्हणलं, आन मातीची पाटी उचलली. थेट झऱ्याच्या मधून चालले, दादा, गुडघाभर पाण्यातून.

काकांचे डोळे भरले. "पोरी, माजा बाप बी हितूनच चालला व्हता."

"मग इतके दिस गप कावून बसलात?"

"बजरंग काठी घेऊन आला, मी बी हट्टाला पेटलो."

हे पत्र मी धाडणार न्हाई, वाचून आधी माझ्यावरच चिडशील. नुसता निरोप दिलाय, मेंढरं झऱ्यावर आण, झरा आता दोन्ही घरांचा. कुठल्या काठावर पाजू, असं मात्र आता कुणाला इचारू नको.

तुजी भांडखोर बहीण,
सत्यभामा