सहावं बोट

१२ जानेवारी, रविवार

धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे ठीक आहे.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असं लिहिणार होते. तसं नाही. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

तुझ्या बाळाचं दुखणं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत ओळखलं. वजन पाहिलं, पायाचं सहावं बोट पाहिलं, लगेच डोळे आणि मूत्रपिंडं तपासायला लावली, रक्त पाठवलं. तीन वर्षांच्या पोराला आजाराचं नाव मिळालं: भूक, वजन, बोट, नजर, सगळं त्या एकाच दोषातलं. वाचून मला रडू आलं नाही गं. मी जळले.

आपण बहिणी एकाच घरातल्या दोन भावांना दिल्या. रक्तातला दोष दोघींच्या पदरी सारखा पडला, दैव मात्र नाही. माझ्या चिमीलाही तसंच बोट होतं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात, चपला कशा घालणार?" महिन्याची असतानाच ते काढलं. पुढे कुठल्याही डॉक्टरला दिसायला ते उरलंच नाही. बाळाचंही काढायचं ठरलं होतं, पण तू आज-उद्या करत राहिलीस. लहानपणी तू लोळायचीस आणि भांडी मी घासायची. तुझा आळसही कामी आला बघ!

चिमीला सतरा वर्षं सगळ्यांनी एकच सांगितलं, कमी खा, पळ. मी फडताळाला कुलूप लावलं. हे तिला पहाटे मैदानावर पळवायचे. ती धापा टाकत विचारायची, "बाबा, झाले का बारीक?" लेक हावरट आहे असं समजूनच हे गेले. तुझ्या नवऱ्याला सगळं कळलंय. माझ्या नवऱ्याला कोण सांगणार?

परवा तुझं पत्र चिमीला वाचून दाखवलं. हल्ली तिला अक्षरं लागत नाहीत. दिवेलागणीला चौकटीवर आपटते. आम्ही तिला धांदरट म्हणायचो. ऐकून तिने आपल्या पायाची कड चाचपली. मग म्हणाली,
"म्हणजे आई, मला खरंच भूक लागायची?"
"हो," म्हटलं.

तिचीही तपासणी करू म्हणतेस. गुरुवारी येतो. दिवसाउजेडी पोचणारी गाडी धरतेय. तिचा हात धरायला फलाटावर ये, तेवढा आळस करू नकोस.

आणि बाळाचं बोट इतक्यात काढू नका. चिमीला ते हात लावून बघायचंय.

अजून जळतेच आहे, पण येतेय.
तुझी ताई