चंद्राच्या आधी पसरणीचा घाट

चिंचवड,
कोजागिरीचा आदला दिवस, १९५५

तीर्थस्वरूप यशवंतराव दाजींच्या चरणी चिमाजीचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द या खेपेला नुसता रीतीचा नाही, खरोखरच पालथा पडून लिहितो आहे. कारण पुढे येईल.) आम्ही दोघं इथं खुशाल. तुमच्या डोळ्यांचं कसं आहे? डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हटलंय ते पाळत चला, उगाच हट्ट नको. पाचगणीत थंडी पडू लागली असेल, कानाला मफलर बांधत जा. आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाला. अक्काच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये.

बेत असा, की यंदा भाऊबीजेला मी सायकलनं पाचगणीला येणार. हसू नका. गेली दोन वर्षं दिवाळीत एस.टी.च्या रांगेत दिवसभर उभा राहून मी तसाच घरी परतलो, आणि तिकडे अक्का पाट मांडून, रांगोळी घालून वाट बघत बसली आणि शेवटी निरांजन चंद्राला ओवाळून आत गेली, हे तुम्हीच मला सांगितलंत. ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळावं. धडधाकट भाऊ इथं कारखान्यात फिटर असताना माझ्या बहिणीनं का ओवाळावं? ते ऐकल्यापासून घास गोड लागत नाही, दाजी. तेव्हा यंदा ती बीजेची कोर दिसायच्या आत मी तुमच्या अंगणात हजर. मग चंद्रानं खुशाल सुटी घ्यावी.

सगळी आखणी इम्तियाजनं करून दिली. (स्टेशनाजवळ त्याचं सायकलचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिथंच पडलेले असतो.) पाडव्याला पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत कात्रजचा घाट काढायचा, शिरवळला त्याच्या ताहेरा मावशीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी खंबाटकी, मग वाई, आणि मग आपला पसरणीचा घाट. कागदावर फार सोपं दिसतं. घाटाबद्दल त्याचा सल्ला एवढाच, "चिमाजीराव, दम संपला की उतरून सायकल ढकलायची. लाज वाटली तर डोंगर बघत उभं राहायचं, लोकांना वाटतं मानूस शौकीन आहे." मावशीला त्यानं निरोपसुद्धा धाडला, की पाव्हणा बहिणीकडे चाललाय, त्याला पोटभर जेवू घाला. सख्खा भाऊ काय वेगळं करतो?

आता पालथं पडण्याची हकीकत. चढाचा सराव हवा म्हणून दसऱ्याचं सीमोल्लंघन सायकलनंच करायचं, घोरवडेश्वराच्या बाजूचा चढ चढून यायचं, असं मी ठरवलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. रुक्मिणीच्या माहेरी, चाकणला, विळे-कोयते पूजेला मांडायच्या आधी त्यांना तेल लावतात, गंज चढू नये म्हणून. मी कारखान्यातल्या यंत्रांच्या पूजेला गेलो होतो, तेवढ्यात तिनं सायकलीला तेल लावलं. साधंसुधं नाही, बाळंतिणीला लावावं तसं चोळून चोळून. चाकांच्या कडा, ब्रेकची रबरं, घंटी, काही म्हणजे काही सोडलं नाही. वर हळदकुंकू आणि झेंडूची माळ. सायकल अशी चकाकत होती की मी तोंड भरून कौतुक केलं.

जाताना रस्ता मोकळा, ब्रेक दाबायची वेळच आली नाही. चढही झकास झाला. (तेव्हा वाटलं, पसरणी काय चीज आहे!) उताराला लागलो, ब्रेक दाबले, आणि सायकल आणखी खुशीत आली. खाली गावकरी आपट्याची पानं घेऊन परतत होते, त्यांच्यापुढे कडब्याची गाडी. घंटी वाजवली तर ती तेल पिऊन बसलेली, तोंडातल्या तोंडात पुटपुटली. पुढचं एवढंच सांगता येतं, की सायकल गाडीखाली आणि मी कडब्यात, डोकं आत, पाय आभाळाकडे. हिंदुराव म्हणून एक वडीलधारे गृहस्थ होते. मला ओढून काढायच्या आधी त्यांनी माझ्या पायाच्या बोटांत आपट्याचं पान खोचलं आणि म्हणाले, "सोनं घ्या पाव्हणं, सोन्यावानी ऱ्हावा. सणाच्या दिवशी मोकळ्या हातानं कसं काढायचं तुमास्नी?" मग काढलं, घरी नेलं, हळद गरम करून (कुठं लावली ते विचारू नका) पुरणपोळी वाढली आणि बैलगाडीत घालून सायकलसकट दारात आणून सोडलं. ना ओळख ना पाळख! देवानं त्यांचं भलं करावं.

रुक्मिणी रडून रडून बेजार झाली. तिला मी एका शब्दानं बोललो नाही. तिनं मायाच केली होती, फक्त ती जरा निसरडी निघाली. इम्तियाजनं चाकं रॉकेलनं धुऊन रबरं बदलून दिली. आता ब्रेक नुसत्या नजरेनं लागतात.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला. दाजी, आई गेली तेव्हा अक्का मला कडेवर घेऊन हाच घाट पायी चढली होती. स्वतःच नवी नवरी, हळद उतरली नव्हती. तुमच्या पदरात बायकोबरोबर मेहुणाही पडला, पण तुम्ही हूं की चूं केलं नाही. मला नोकरी लागली तेव्हा ही सायकल माझ्या हाती दिलीत आणि स्वतः बाजाराला पायी जाऊ लागलात. तुमचे उपकार मी तोंडावर कधी बोलू शकलो नाही, तेव्हा पालथा पडून बोलतो. एकदा तरी तो घाट माझ्या पायांनी चढून यावं आणि तिनं ते बघावं, एवढीच इच्छा आहे.

तुमचा,
चिमाजी

ता. क. पायांनी म्हटलं खरं, पण मूळ काम हे: आबाजींचा बटाट्याचा ट्रक भाऊबीजेला दुपारी वाईहून रिकामा वर येतो ना? त्यांना सांगून ठेवा, घाटाच्या पायथ्याशी मला सायकलसकट उचलावं आणि गाव दिसायच्या अलीकडच्या वळणावर उतरवावं. तिथून मी घाम पुसत, धापा टाकत येईन. अक्काला वळणाकडे तोंड करून उभं करायचं काम तुमच्याकडे.

आणखी एक. रुक्मिणी पाकिटाला खळ लावता लावता एकदम हसत सुटली. म्हणाली, "अहो, दाजींना डोळ्यांनी दिसत नाही, तर त्यांची पत्रं वाचून कोण दाखवतं?"

अक्का, पत्र पुन्हा लिहायला मला बसवत नाही. तेव्हा तुला सगळं कळलंच आहे. तरी त्या दिवशी वळणाकडे तोंड करून उभी राहा, आणि मी दिसलो की आश्चर्य वाटल्यासारखं कर. ट्रकचा आवाज ऐकू आला तर ऐकला नाही म्हण. आणि मला उशीर झाला, कोर वर आली, तरी निरांजन खाली ठेव. चंद्राला सांग, माझा भाऊ घाटात आहे, सायकल ढकलतोय, येतोच आहे.