रेवतीची शेवटची नळी

मी, डॉ. कुमुद गुणवंत वांदिले, वय एकाहत्तर, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पोटातल्या गाठीने अजून तिथवर मजल मारलेली नाही. याआधीचं कोणतंही मृत्युपत्र निघाल्यास ते रद्द समजावं.

१. द्वारकेचा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मुलगा अंशुमन याला द्यावा. बँकेतली शिल्लक नात इशिता हिच्या उपचारांसाठी. दागिने सूनबाई देविका हिला. तिला जुनी घडण आवडत नाही, तिने ते खुशाल मोडावेत.

२. यजमान श्री. गुणवंत यांना मी काहीही ठेवलेलं नाही. यात राग नाही. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि मला या कागदावर त्यांचीच सही हवी आहे.

३. सूक्ष्मदर्शक आणि पुस्तकं माझी विद्यार्थिनी डॉ. तेजश्री हिला. रक्तातल्या प्रथिनांवरच्या माझ्या पहिल्या शोधनिबंधावर तेव्हाच्या विभागप्रमुखांनी स्वतःचं नाव आधी घातलं होतं. ते वारले. तरी माझ्या शोकसभेत त्यांना माझे गुरू म्हणू नये.

४. रेवती आमची थोरली. सहाव्या वर्षी गेली. तांबड्या पेशी अंगातल्या अंगात फुटत, लघवी काळपट होई, पोर पांढरीफटक पडे. लोकांना वाटतं, मुलीमुळे मी आनुवंशिक रक्तविकारांकडे वळले. खोटं आहे. मी आधीपासून तिथेच होते. दुसऱ्यांच्या मुलांच्या आजारांची नावं सांगत होते आणि माझ्या मुलीच्या आजाराला मला नाव देता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर लोकांचं रक्त चिवडते, तेच घरात आलं." त्यांना मी माफ केलेलं नाही.

५. रेवतीच्या रक्ताची एकच नळी मी नोकरी केली त्या संस्थेच्या डीप फ्रीजरमध्ये उरली आहे. त्यात अर्धा चमचाही रक्त नसेल. तीन वर्षांची इशिता आता तशीच पांढरी पडते. तिच्या जनुकांत संशय घ्यावा असे बदल बरेच सापडले. त्यातला खरा गुन्हेगार कोणता, हे रेवतीच्या रक्ताशी ताडल्याशिवाय कळणार नाही. माझं आणि अंशुमनचं ताडून झालं, त्याने भागलं नाही. तोवर इशिताचे उपचार म्हणजे नुसतं अंधारात चाचपडणं.

ती नळी उघडायला संस्थेच्या नियमाने रेवतीच्या आई-वडील दोघांची संमती लागते. माझी सही झाली आहे. यजमान करत नाहीत. "हाडं गंगेत आणि रक्त बर्फात? किती गारठवणार आहेस पोरीला?" असं म्हणून उठून जातात. माझ्यानंतर ते नळी मागून घेतील आणि हरिद्वारला नेऊन सोडतील. अंशुमनला म्हटलं, तू बोल. तो म्हणतो, "आई यार, तूच सांग ना. बाबांसमोर माझ्याने बिल्कुल होत नाही." मी सांगितलं. भांडले. रडले. जेवण सोडलं. आता हा कागद उरला.

६. वरच्या कलमाला कायद्याचं बळ नाही असं वकील म्हणतात. नसू दे. मी हात जोडून लिहिते: अहो, ती नळी उघडू द्या. तेजश्रीने थेंबन् थेंब वापरावा, आठवण म्हणून काही मागे ठेवू नये. मलाही भीती वाटते हो. चाचणी फसली तर रेवतीचं काहीच उरणार नाही, हे मला तुमच्याइतकंच कळतं. पण इशिता अजून आहे. तिला तरी राहू द्या.

स्थळ: द्वारका, नवी दिल्ली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) कुमुद गुणवंत वांदिले

साक्षीदार:

१. (सही) जयंत ढोबळे, शेजारी. वहिनींनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) गुणवंत वांदिले. पूर्ण वाचलं. संमतीपत्र आणावं, सही करतो. काम झाल्यावर रिकामी नळी धुवू नये. मला द्यावी.