पाचव्या क्रमांकाची पाळी

साल्ट फोर्क, नेब्रास्का
दि. २९ एप्रिल १९८६

रा. रा. गस लिंडक्विस्ट यांस,
स. न. वि. वि.

मी, एमिल हावरानेक, वय वर्षे ऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, येथील धान्यकोठाराच्या काट्यावर अडतीस वर्षे तोलारी म्हणून काम करून निवृत्त झालेला, पूर्ण शुद्धीत व स्वहस्ते लिहितो की, गेल्या शनिवारी कॉलेजच्या सॉफ्टबॉल मैदानावर जे घडले, ते आपण माझ्या शेजारी बसून पाहिले असूनही काल सकाळी कॉफीच्या टेबलावर भलत्याच रीतीने सांगितले. मी एका पेन्सिलीपायी सख्ख्या नातीचा गळा कापला, असे आपण म्हणालात. टेबलाशी सहाजण होते. त्यांतील दोघे हसले. म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

माझी नात जोलीन हिचे कॉलेजातील हे शेवटचे वर्ष. तिच्या संघाचे घरच्या मैदानावरील अखेरचे जोडसामने शनिवारी होते. आपल्या पिकअपमधून आपण चाळीस मैल गेलो. वारा इतका होता की प्रेक्षकांच्या फळ्यांवर घोंगडी अंथरून तिच्यावर दोघांना बूड रोवून बसावे लागले. पहिला सामना आपण जिंकलो. मधल्या वेळेत सूनबाईंनी दिलेले खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, आपण पाच खाल्ले, मी दोन.

दुसऱ्या सामन्याच्या सहाव्या डावात पाचव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलीचा घोटा मुरगळला. तिच्या जागी टॅमी रासमुसेन आली. बदली खेळाडूने त्याच क्रमावर फलंदाजी करावयाची असते. ध्वनिक्षेपकावरून तसे पुकारले गेले व मी माझ्या नेहमीच्या गुणवहीत पेन्सिलीने तसे लिहिले. सातव्या आणि शेवटच्या डावात आपण एका धावेने मागे होतो, दोन मुली बाद झालेल्या, दोन बेसवर उभ्या. पाळी टॅमीची होती. परंतु कोच डाल्केबाई बदली झाल्याचे विसरल्या आणि त्यांनी सहाव्या क्रमांकाच्या जोलीनला पुढे धाडले. जोलीनने पाचवा चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापर्यंत पिटाळला. बेसवरच्या दोन्ही मुली धाव पुरी करून आल्या. सामना जिंकला, आणि जिंकल्यामुळे विभागीय स्पर्धेचे दारही उघडले, असे सर्वांना वाटले.

त्या वेळी मी उभा राहिलो व म्हणालो की फलंदाज चुकीची आहे, पाळी पाचव्या क्रमांकाची होती. पाहुण्यांच्या कोचने ते ऐकून स्वतःचा कागद पाहिला आणि पंचांकडे धाव घेतली. नियम असा आहे की ज्याची पाळी होती तो बाद, आणि झालेल्या धावा रद्द. तो तिसरा बाद, म्हणून डाव संपला व सामना गेला. पुढची स्पर्धाही गेली.

मी खोटे काय बोललो, हे आपण लेखी कळवावे. परतीच्या चाळीस मैलांत आपण एक शब्द उच्चारला नाहीत. तो सगळा साठा मात्र टेबलावर ओतलात. यापुढे मी त्या टेबलावर येणार नाही.

लोभ होता. तो पुढे असावा की नसावा, हे आपल्या उत्तरावर राहील.

आपला,
एमिल हावरानेक


साल्ट फोर्क
१ मे

प्रिय एमिल,
स. न. वि. वि.

चार घरांपलीकडून तिकीट लावून पत्र पाठवलंस, आणि वर मला 'आपण' म्हणतोस! पोस्टमन लिफाफा हातात देताना विचारत होता, एमिल गाव सोडून गेला का. मी म्हटलं, गाव नाही रे, डोकं सोडून गेलाय.

तू खोटं बोललास असं मी कुठं म्हटलं? साठ वर्षांत तुला खोटं बोलताना मी पाहिलेलं नाही, आणि तोच तुझा सगळ्यात मोठा त्रास आहे. सख्ख्या भावाचा मक्याचा ट्रक ओला म्हणून काट्यावरून परत पाठवणारा माणूस तू. तुझे केस कापायचो तेव्हा दोन्ही बाजूंचे कल्ले पट्टीने मोजायला लावायचास. पण त्या पोरी तिथं एकमेकींच्या अंगावर ढिगानं पडल्या होत्या, रे. सगळ्यात खाली तुझी नात, तोंडात माती, आणि ती हसत होती. तेवढ्यात तू उठलास. मी तुझी बाही ओढली. एकदा नाही, दोनदा. हे तुझ्या त्या क्रमवार हकिगतीत आलेलं दिसत नाही.

तुझी वही माझ्या गाडीतच राहिली आहे. येऊन घेऊन जा. कॉफी मी पाजीन, आणि टेबलावरच्या त्या दोघांना हसू देणार नाही.

लोभ आहेच. तो तुझ्या उत्तराची वाट बघत थांबलेला नाही.

तुझा,
गस


कॉलेज वसतिगृह
४ मे

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा म्हणाले, राग शांत झाल्यावर लिही. आठ दिवस थांबले. शांत झाला नाही, म्हणून आता तसंच लिहिते.

तुम्ही बाबांना सांगितलंत म्हणे, की खरं बोलायला वेळ-काळ बघायची नसते. मला खरंखोटं शिकवू नका, आजोबा. चूक कोचची होती, ते त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय, रडल्यासुद्धा. पाहुण्यांनी स्वतः पकडलं असतं तर मी मुकाट्यानं हात मिळवून घरी गेले असते. पण ते त्यांचे हातमोजे गोळा करत होते. त्यांना कळलंच नव्हतं. कळलं ते माझ्या आजोबांमुळे. आता संघातल्या मुली मला विचारतात, तुझे आजोबा कुणाच्या बाजूचे आहेत. मी काय सांगू?

रागाचं खरं कारण सांगते. मी मैदानात गेले, पायाने माती सारखी केली, बॅट दोनदा आपटली. त्यानंतर पाच चेंडू पडले. तुमची वही मांडीवर होती. प्रत्येक चेंडू तुम्ही लिहिता, मला माहीत आहे. लहानपणी मी तुमच्या शेजारी बसूनच शिकले. पहिल्या चेंडूच्या आधी, किंवा अगदी चौथ्यानंतरही, तुम्ही आमच्या कोचला हाक मारली असती, तर टॅमी येऊन माझ्या जागी उभी राहिली असती. कुणी बाद नाही, कुणाला शिक्षा नाही. तो नियम तुम्हीच मला शिकवलात. मग तेव्हा का नाही बोललात? मी हसायला लागेपर्यंत का थांबलात?

अठरा तारखेला पदवीदान आहे. व्यायामशाळेत जागा कमी, म्हणून प्रत्येकीला चारच प्रवेशिका मिळतात. आई, बाबा आणि धाकट्याची दिली. चौथ्या पाकिटावर मी फेब्रुवारीतच तुमचं नाव लिहून ठेवलं होतं. ते खणात आहे. द्यायचं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही.

लोभ करा असं कधी तुम्हाला लिहावं लागलं नव्हतं, म्हणून आजही लिहीत नाही.

जोलीन


साल्ट फोर्क
दि. ७ मे

चि. जोलीन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारण्याची ही रीत आपल्या घरात नव्हती. मी काय केव्हा बोलावे, याचा जाब अडतीस वर्षांत कोठाराच्या मालकानेही मला विचारला नाही. चूक तुमच्या बाकावर झाली. दोष फळ्यांवर बसलेल्या माणसाला देता. पाहुण्यांना कळले नव्हते म्हणून चोर साव ठरतो काय?

मी कोणाच्याच बाजूचा नाही, असे तुझ्या मैत्रिणींना सांग. काट्याला बाजू नसते.

प्रवेशिकेविषयी मी काही मागितलेले नाही व मागणार नाही. चौथीतून शाळा सुटल्यानंतर शाळेवाचून राहण्याची मला सवय आहे.

प्रकृतीस जपावे.

एमिल हावरानेक


साल्ट फोर्क
१० मे

प्रिय एमिल,
स. न. वि. वि.

तू आला नाहीस, म्हणून वही या पाकिटातून पाठवतोय. मागच्या पत्रात थट्टा केली होती, आता मात्र थट्टा नाही. नीट वाच.

काल तुझा मुलगा रेमंड माझ्याकडे आला होता. पोरीनं तुला काय विचारलं, ते त्यानं सांगितलं. म्हणाला, आमचे वडील गावभर नियमाचं बोलतात आणि या एका प्रश्नावर खेकसतात. तो गेल्यावर मी चष्मा लावून वही उघडली. वाचायला नको होती, वाचली.

सातव्या डावाचं पान. साठ वर्षांत तू रबर वापरलेलं मी पाहिलं नाही. चुकलं की रेघ मारतोस आणि वर बरोबर लिहितोस. लोकांनी चूकही बघावी, असं म्हणतोस. वहीला दोऱ्यानं बांधलेल्या तुझ्या पेन्सिलीचं गुलाबी रबर दरवेळी कोरं असतं. या वेळी ते एका बाजूनं झिजलंय. चौकटीत आधी चौदा लिहिलं होतंस, टॅमीच्या शर्टावरचा नंबर. तो खोडलास, तिथं जोलीनचा नंबर लिहिलास. आणि पाचही चेंडूंच्या खुणा त्या खोडलेल्या डागावर आहेत, डागाखाली नाहीत.

म्हणजे पहिल्या चेंडूच्या आधीच तुला माहीत होतं.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. टेबलावरही नाही. पण एमिल, तू दहा दिवस माझ्यावर, कोचवर, पोरीवर डाफरतोयस. ज्याच्यावर डाफरायला हवं तो तुझ्याच घरात एकटा बसलाय.

लोभ वाढावा अशी इच्छा. घटला तर मी तो परत मोजून घेईन.

गस


साल्ट फोर्क
दि. १४ मे १९८६

चि. जोलीन हिस अनेक आशीर्वाद.

माझे नाव, वय व हुद्दा तुला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. हुद्द्याविषयी गेल्या पत्रात जे मिरवले, ते मागे घेतो. तुझ्या प्रश्नाचे उत्तर देणे राहिले आहे.

तू मैदानात पाऊल टाकलेस तेव्हाच पाळी टॅमीची आहे हे मला ठाऊक होते. मी तिचा आकडा लिहिलाही होता. डाल्केबाई माझ्यापासून दहा हातांवर होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. तिचा आकडा खोडला आणि तुझा लिहिला.

कारण इतकेच, की मला तुला खेळताना पाहावयाचे होते. ती तुझी शेवटची पाळी ठरण्याचा संभव होता, आणि टॅमी त्या वर्षात दोनदाच बेसवर पोहोचली होती. अडतीस वर्षांत सख्ख्या भावासाठी जे केले नाही, ते पाच चेंडूंपुरते तुझ्यासाठी केले. काट्यावर बोट ठेवले.

मग तू चेंडू मारलास. सर्व मुली धावल्या. टॅमी हेल्मेट घालून, बॅट हातात घेऊन बाकाजवळ उभी होती. तिने कोचला विचारले होते व तिला खाली बसण्यास सांगण्यात आले होते, हे मी पाहिले होते. तीही तुमच्याकडे चार पावले धावली, थांबली, आणि परत जाऊन तिने बॅट जागेवर ठेवली. ते मला बघवले नाही. राग माझा मलाच आला होता; बाहेर पडला तो तुझ्या डोक्यावर. गसने माझी बाही दोनदा ओढली, हे खरे आहे.

बोललो याबद्दल मी क्षमा मागत नाही. आधी बोललो नाही, याबद्दल मागतो. आणि 'काट्याला बाजू नसते' हे जे तुला लिहिले, ते लिहिताना खोटे होते. ऐंशी वर्षांत खोटे लिहिल्याची ही माझी पहिली वेळ, आणि ती तुला लिहिलेल्या पत्रात यावी, याची मला लाज वाटते.

काल गसच्या गाडीतून टॅमीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांचे दुग्धालय आहे. ती गोठ्यात होती. तिने बूट न काढता ओट्यावर उभ्याने सर्व ऐकून घेतले. माझ्यावर ओरडली असती तर बरे वाटले असते. ती म्हणाली, की तिसरा चेंडू उंच होता, उंच चेंडूवर तिचा हात नेहमीच सुटतो, ती बहुधा बाद झाली असती आणि सामना तरीही गेला असता. पण ते बाद होणं माझं होतं, असे ती म्हणाली. हे सर्व तुला लिहून तिच्यासमोर वाचण्याचे मी कबूल केले. आज गस मला त्यासाठी पुन्हा तिच्याकडे नेणार आहे.

प्रवेशिका मी आजही मागत नाही. अठरा तारखेस मी व गस व्यायामशाळेबाहेर, मैदानाच्या कुंपणाशी गाडी लावून बसू. तेथून आतले काही दिसत नाही, परंतु ध्वनिक्षेपक ऐकू येतो. चार वर्षे त्याच मैदानावर बसलो आहोत. वही सोबत घेईन. पेन्सिलीचे रबर चाकूने कापून टाकले आहे. आपल्या घराण्यातले नाव पदवीसाठी प्रथमच पुकारले जाईल, ते जसे पुकारले जाईल तसे, त्याच्या क्रमाने लिहीन.

लोभ ठेवण्याजोगे मी काही केलेले नाही. ठेवलास तर तो तुझ्या पदरचा समजेन.

तुझे आजोबा,
एमिल हावरानेक

वरील मजकूर मोठ्याने वाचला असता हजर असलेले साक्षीदार:

१. ऑगस्ट ऊर्फ गस लिंडक्विस्ट, वय ७८, निवृत्त न्हावी. शनिवारी शेजारी बसलेला.

२. टॅमी रासमुसेन, वय २१, क्रमांक चौदा. जिची पाळी होती.