नुसत्या पाण्याची नळी

२१ जुलै

देवळीत घरी पोचले. देवेंद्र बंगळूरला लॅबच्या एसीत बसणार आणि चिखल तुडवणार मी! निघताना म्हणतो, "पानांच्या पाकिटांवर नावं नीट घाल हं, घरी गेलीस की तुझं लक्ष उडतं." मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या पहिल्या नंबरच्या संस्थेत आम्ही दोघंही एकच परीक्षा देऊन आलो. पण हा पुण्याचा, म्हणून शहाणा. मेला!

२२ जुलै

काम साधं. बंदी असलेली चोरबीटी — तणनाशक मारलं तरी न मरणारी कपाशी — कुठल्या वावरांत आहे, ते पानांच्या डीएनएवरून बघायचं. तुलनेला एक खात्रीचं वावर लागतं. ते आमचं! बाबांचं कृषी केंद्र आहे, पाटीवरच लिहिलंय — फक्त प्रमाणित बियाणे. लॅबभर मिरवलंय मी हे.

बाबा मात्र चिडले. "आपल्याच वावरातले पानं कायले तोडून राह्यली व? बापूरावच्या वावरात जाय ना!" मी तोडलीच. यंदा निंदणाला एकही बाई लावली नाही, तरी आमचं वावर झाडून काढल्यासारखं. शेजारी बापूरावकाकांचं गवताने भरलंय.

२३ जुलै

पानं कुरिअरने गेली. आता देवेंद्रने माती करू नये म्हणजे झालं.

२६ जुलै

केलीच! फोन आला — आमच्या पानांत चोरबीटीची रेघ दिसते म्हणे. मी ओरडलेच. मग जरा थांबून म्हणाला, "पाण्याच्या नळीतही आलीय गं. माझ्याच हातून काहीतरी मिसळलं असणार."

दर वेळी एका नळीत पानाऐवजी नुसतं पाणी ठेवतात. त्यात रेघ आली, की सगळंच खरकटं झालं असं समजायचं. पहिल्या वर्षाची पोरंही इतका गोंधळ घालत नाहीत! वर म्हणतो, "पुन्हा नको करायला. तुमचं सोडून दुसरं वावर घेऊ." आळशी!

२७ जुलै

डीएनएच्या रेघा ज्यावर उमटतात, त्या जेलचा फोटो मागितला. "डिलीट झाला." खोटारडा! आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमना मेल लिहिला. एकही शब्द मऊ केला नाही.

बाबांना सांगितलं. चहा तसाच ठेवून म्हणाले, "त्या पोराले काऊन बोल लावतं? जाऊ दे न." बाबांना सगळ्या जगाची दया!

३० जुलै

मॅडमचं उत्तर आलं. देवेंद्र प्रोजेक्टबाहेर! त्याने स्वतःची बाजूही मांडली नाही म्हणे. मांडणार काय, कपाळ? आईने शिरा केला. मी दोनदा घेतला.

३१ जुलै

देवेंद्रने जेलचा फोटो पाठवला. पाण्याच्या नळीची जागा कोरी. आमच्या पानांत रेघ — ठळक.

सोबत एवढंच: "तुझ्या बाबांच्या दुकानाचं लायसन्स गेलं असतं. मॅडमना हा दाखवलेला नाही."

खाली बाबा दुकानाचं शटर उघडतायत.